बिनमिठाचे चार हजार लिटर

दोहाच्या वेस्ट बेमधल्या कचेरीत, एकोणिसाव्या मजल्यावर, छतातून येणाऱ्या गार वाऱ्याचा तेवढा एकसुरी आवाज होता, आणि टेबलाच्या मधोमध उघडी पडलेली निळ्या पुठ्ठ्याची वही त्या वाऱ्याने आपलं एक पान अर्धवट उचलत होती, पुन्हा खाली ठेवत होती. शशिकांत सरांनी प्रश्न विचारून मिनिट उलटलं होतं. प्रश्न ज्याला होता तो मच्छिंद्र खुर्चीच्या अगदी कडेवर बसला होता; पुरतं बसलं तर खुर्ची मळेल या धाकाने. वल्लरी त्याच्या हातांकडे पाहत होती. उजव्या हाताच्या पेरांमध्ये पांढरी भुकटी साठली होती. खडूच असावा. प्लंबरच्या हाताला खडू कशाला लागतो, या विचाराने तिला त्या शांततेतही एक विरंगुळा मिळाला.

"मी पुन्हा विचारतो," शशिकांत सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच अधिक जड वाटला. "रोज चार हजार लिटर. गेले चाळीस दिवस. हे पाणी काय आकाशातून पडलं?"

"साहेब," मच्छिंद्र खाली बघत म्हणाला, "टाकीतली काठी जे दाखोते ते मी लिवतो."

"काठी खोटं बोलत नाही म्हणतोस?"

"काठीला कुठं तोंड ऱ्हायते, साहेब."

वल्लरीला हसू आलं, ते तिने वहीच्या पानाकडे पाहण्यात दडवलं. शशिकांत सरांना मात्र हसू आलं नाही.

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच सुटत नव्हती. दोहाच्या उत्तरेला, समैस्माच्या अलीकडे, समुद्रापासून मैलभर आत, स्टेडियम बांधणाऱ्या कामगारांचा एक कॅम्प होता: पाच दुमजली इमारती, एकशे साठ खोल्या, सहाशे चाळीस माणसं. जगभरचे खेळाडू यायला अजून तीन वर्षं होती. त्याआधी जगभरचे तपासनीस येणार होते, आणि प्रत्येक माणसाला पुरेसं पाणी मिळतं की नाही हे त्यांना कागदावर पाहायचं होतं. तो कागद तयार करण्याचं काम शशिकांत सरांच्या सल्लागार कचेरीकडे आलं होतं, आणि तिथून वल्लरीकडे.

कॅम्पच्या जमिनीखालच्या टाकीत दिवसाला तीन टँकर रिकामे होत. साठ हजार लिटर. पंपावरच्या मीटरनुसार रोज बाहेर जात होतं चौसष्ट हजार. म्हणजे टाकीची पातळी रोज सातएक सेंटीमीटरने उतरायला हवी होती. मच्छिंद्रच्या वहीत बहुतेक दिवस ती उतरतच नव्हती. एकशे दहा, एकशे अकरा, एकशे दहा, एकशे नऊ. पानामागून पान.

कॅम्प चालवणाऱ्या कंपनीने याचा अर्थ सरळ लावला होता: माणूस टाकीत काठी घालतच नाही, सावलीत बसून कालचा आकडा आज उतरवतो. गुरुवारपर्यंत दुसरा खुलासा मिळाला नाही, तर खोट्या नोंदीबद्दल मच्छिंद्रला घरी पाठवायचं ठरलं होतं. घरी म्हणजे रावेरजवळच्या त्याच्या गावी, विमानाचं एकेरी तिकीट हातात देऊन.

मच्छिंद्र खोलीबाहेर गेल्यावर शशिकांत सरांनी वही वल्लरीपुढे सरकवली. "आत आलेलं वजा बाहेर गेलेलं, बरोबर साठ्यातला फरक. याच्या पलीकडे जगात काही नाही. पाणी तयार होत नाही आणि नाहीसं होत नाही. मग यातला एक आकडा खोटा आहे."

"किंवा एक आकडा कमी आहे, सर."

"म्हणजे?"

"माहीत नाही अजून."

"आज रविवार," ते उठत म्हणाले. "गुरुवारी दुपारी रिपोर्ट जायचाय. यल्ला, लाग कामाला."

वल्लरीने कागदावर एक चौकोन काढला आणि त्याच्याभोवती तुटक रेघ. ज्या जागेचा ताळा मांडायचा तिची ही वेस. या वेशीतून आत काय शिरतं आणि बाहेर काय पडतं, एवढंच पाहायचं. डावीकडून आत येणारा एक बाण: टँकर. उजवीकडून बाहेर जाणारा दुसरा: पंप. चित्र इतकं निर्मळ होतं की त्यात अन्यायाला जागाच दिसत नव्हती.

नाशिकला शाळेत असताना गणिताच्या पुस्तकात हौदाची उदाहरणं असत. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत रिकामा करतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद केव्हा भरेल? सगळा वर्ग माना खाली घालून भागाकाराला लागे. वल्लरीने एकदा उभं राहून विचारलं होतं, "बाई, पण खालचा नळ उघडा कोणी ठेवला?" वर्ग हसला, बाईंनी तिला खाली बसवलं, आणि त्या नळामागचा माणूस तिच्या मनात तसाच अनोळखी उभा राहिला तो राहिलाच.

सोमवारी सकाळी ती कॅम्पवर पोहोचली तेव्हा मच्छिंद्र टाकीच्या झाकणापाशी उकिडवा बसून मोजणीच्या काठीवर, एका अॅल्युमिनियमच्या पट्टीवर, खडू घासत होता. म्हणजे खडूचं कोडं तरी सुटलं.

"पानी लागलं की खडू काळा पडतो," तो म्हणाला. "रेघ मंग नीट दिसते. नई तं उन्हात वल्लं कुठवर अन् कोरडं कुठून, कळत नई."

"दिवसातून किती वेळा मोजता?"

"चार. सकाळी सहा, दुपारी बारा, सांजच्याला सहा, रात्री दहा."

"कोणी सांगितलं चार वेळा?"

"सांगतलं एकदाच होतं." त्याने पट्टी टाकीत सोडली. "पन एकदा मोजून काय समजते? मानसाची नाडी बी एकदाच धरून सोडत नई डाक्टर."

पट्टी वर आली. रेघ एकशे दहावर. वल्लरीने स्वतः पुन्हा मोजलं. एकशे दहा. तिच्या मनातून पहिला संशय निघून गेला, आणि कोडं मात्र अधिक खोल झालं.

मग ते मीटरच्या मागे लागले. दोनशे लिटरचं एक पिंप पंपाच्या नळाखाली ठेवलं, काठोकाठ भरलं, मीटर पाहिला; पुन्हा, आणि पुन्हा. दहा पिंपं झाली तेव्हा मीटर दोन हजार चार लिटर दाखवत होता.

"मॅडम, अठी लोक तेल मोजाले येतात," मच्छिंद्र घाम पुसत म्हणाला, "अन् तुम्ही आंघोळीचं पानी मोजू ऱ्हायल्या."

"तेल मोजणारे पुष्कळ आहेत, भाऊ."

तिन्ही टँकरवाल्यांच्या फेऱ्या तिने उभं राहून पाहिल्या. प्रत्येकाची टाकी वीस हजारांची, वर एक थेंब नाही. बाष्प होऊन उडून जाणारं पाणी ताळ्यात धरावं, तर ते कमीच करील; वाढवील कसं? टाकीला तडा असेल तर पाणी गळेल. आत कसं येईल? येऊ शकतं, मंगळवारच्या पहाटे तिला सुचलं. समुद्र जवळ आहे. जमिनीखालचं खारं पाणी झिरपून आत येत असेल तर!

मंगळवारी तिने क्षार मोजण्याचं पेनाएवढं यंत्र बरोबर नेलं. टँकरच्या नळीतून थेट घेतलेल्या पाण्यात एका लिटरमागे दीडशे मिलिग्रॅम क्षार होते. टाकीत समुद्र झिरपत असेल तर आकडा चढायला हवा. तिने टाकीच्या पाण्यात यंत्र बुडवलं आणि ते बंद पडलंय की काय म्हणून झटकून पाहिलं.

एकशे एक्केचाळीस.

ती झाकणाच्या काँक्रीटवर तशीच बसून राहिली. खालून चटका बसत होता, तरी बसून राहिली. मीठसुद्धा पाण्यासारखंच: आपोआप तयार होत नाही, आपोआप नाहीसं होत नाही. साठ हजार लिटरमधलं मीठ चौसष्ट हजार लिटरमध्ये वाटून टाकलं तर किती उरतं? तिने तळहातावर पेनाने भागाकार केला. एकशे एक्केचाळीस, किंचित कमी.

म्हणजे ते चार हजार लिटर खरे होते. मच्छिंद्रची वही खरी होती, मीटर खरा होता, टँकरही खरे होते. कुठून तरी रोज चार हजार लिटर पाणी येत होतं, आणि ते इतकं निर्मळ होतं की त्याच्याजवळ मिठाचा कणही नव्हता. ना जमिनीचं, ना समुद्राचं, ना नळाचं. असं पाणी एकच: ज्याने अजून कशालाही स्पर्श केलेला नाही.

पाऊस? ऑगस्टात? कतारमध्ये?

मच्छिंद्र दूर उभा राहून तिच्याकडे पाहत होता. तिने हाक मारली, "भाऊ, हे पाणी कुठून येतं, तुम्हाला माहीत आहे का?"

"टँकर येतो ना, मॅडम," तो म्हणाला, आणि पाना घेऊन दुसऱ्या इमारतीकडे वळला. त्याच्या चालीत घाई होती. चाळीस दिवस दिवसातून चार वेळा टाकीची नाडी पाहणारा माणूस प्रथमच काही न पाहता बोलला होता.

त्या संध्याकाळी तिने वहीतली चाळीस पानं पुन्हा वाचली, या वेळी आकड्यांऐवजी तारखांसाठी. जुलैच्या मध्यात तीन दिवस असे सापडले की पातळी नियमाप्रमाणे रोज सात सेंटीमीटरने उतरली होती: एकशे एकतीसवरून एकशे दहावर. त्या तीन दिवसांत ते गूढ पाणी आलंच नव्हतं. त्यानंतर पातळी जिथे होती तिथे थांबली, ती आजपर्यंत. त्या तीन दिवसांत काय होतं? तिने हवामानाची नोंद उघडली. शमाल. वाळवंटावरून येणारा कोरडा वारा, ओठ फुटतात आणि डोळ्यांत वाळू जाते तो. पाण्याला वारा कळतो, एवढं समजलं. कसा कळतो, ते नाही.

ते कळलं बुधवारी दुपारी, तिची चूक नसताना आणि तिचं कर्तृत्वही नसताना. वारा समुद्राकडून होता. गार गाडीतून ती कॅम्पच्या दारात उतरली आणि जग नाहीसं झालं. चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या. दोहात राहणाऱ्याला हे रोजचंच; पदराने, ओढणीने, टिश्यूने माणसं काचा पुसतात आणि चालू लागतात. वल्लरीनेही ओढणीचं टोक उचललं, आणि हात तसाच थांबला. काचेवरून एक थेंब निघून तिच्या गालावर उतरला होता.

हे पाणी कुठून आलं?

तिने चष्मा न पुसता काढला आणि इमारतीकडे पाहिलं. प्रत्येक खिडकीखाली एसीचं खोकं, एकशे साठ खोकी, रात्रंदिवस घरघरणारी. अल सद्दच्या तिच्या गल्लीत अशा प्रत्येक खोक्याखाली भिंतीवर शेवाळी ओघळ असतो आणि फुटपाथवर डबकं. डोक्यावर थेंब पडला नाही असा माणूस त्या गल्लीतून जात नाही. इथली भिंत कोरडी होती. पाचही इमारतींच्या मागच्या भिंती खडखडीत, स्वच्छ कोरड्या होत्या. तीन दिवस ती या भिंतींसमोरून फिरत होती, आणि जे तिथे नव्हतं ते तिला दिसलं नव्हतं.

जवळ जाऊन पाहिलं तेव्हा नळी दिसली. बोटाएवढी जाड, काळी, बांधणीच्या तारेने ठिकठिकाणी आवळलेली. प्रत्येक खोक्यातून एक शाखा येऊन तिला मिळत होती, आणि ती उताराने, उगाच एखादं वळण न घेता, टाकीच्या हवेच्या तोंडाकडे जात होती. तोंडावर पांढरं फडकं चार पदरी बांधलं होतं. अशी नळी वल्लरीने पूर्वी पाहिली होती; केळीच्या बागांत, द्राक्षांच्या ओळींत. तिथे ती थेंब वाटत जाते. इथे ती थेंब गोळा करत होती.

तिने एक शाखा सोडवून तिच्याखाली लिटरची बाटली धरली. छप्पन्न मिनिटांनी बाटली भरली. एकशे साठ खोकी, चोवीस तास. तळहातावर पुन्हा भागाकार: चार हजार एकशे लिटर. शशिकांत सरांनी रागाने विचारलेला प्रश्न खरा होता. समुद्रावरच्या दमट हवेतली वाफ गार खोक्यांत थेंब होऊन गळत होती; कोरड्या शमालात ती गळत नव्हती. पाणी आकाशातूनच पडत होतं.

"शाखा परत लावजा मॅडम," मागून आवाज आला. "वाया जाईल."

मच्छिंद्र उभा होता. पकडला गेल्याची भीती त्याच्या चेहऱ्यावर होती, पण तिच्याबरोबर आणखी काहीतरी होतं. आपलं काम शेवटी कोणीतरी नीट पाहिलं याचं लाजरं समाधान.

"हे तुम्ही केलंत?"

"गावाकडं मी ठिबकच बसवायचो. सोळा वर्षं. हे उलटं ठिबक, एवढंच." त्याने शाखा हातात घेऊन जागेवर दाबली. "मागं एक साईट बंद पडली, तिची नळी फेकू ऱ्हायले होते. म्या मागून घेतली. जून महिना हा."

"पण कशासाठी?"

"शेवटची बस सातच्या सुमाराला येते. ई ब्लॉकवाले. मेच्या महिन्यात पंप पावनेसातलाच हवा ओढायचा. मानसं साबन लावून बसलेली, अन् नळ कोरडा. मले हाका मारायची. टाकीवाला कोन, तं मी. टँकर वाढवा म्हनून तीनदा सांगतलं. कागदावर माप पुरते म्हने." तो भिंतीकडे वळला. "साबन लावलेल्या मानसाले काय सांगायचं, मॅडम? कागद दाखवायचा?"

"या पाण्यात जंतू असू शकतात, भाऊ. एसीच्या ताटलीत घाण साठते."

"म्हनून फडकं बांधलं. अन् क्लोरिनची गोळी एकीच्या जागी दोन. प्यायचं पानी वेगळं येते, हे निस्तं आंघोळीचं." मग नळीवरची तार आवळत, "तरी चूकच आहे. ठाऊक आहे मले."

वल्लरीला एकच गोष्ट कळत नव्हती, आणि ती विचारल्याशिवाय तिला राहवेना. "मग वहीत खरं का लिहिलंत? रोज सात सेंटीमीटर कमी लिहीत गेला असता, तर कोणालाच काही कळलं नसतं."

मच्छिंद्रने तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने काहीतरी पोरकट विचारलंय. "मंग काठी कशाले टाकायची, मॅडम?"

तिने गाडीच्या सावलीत उभं राहून शशिकांत सरांना फोन लावला. ते घरी पोहोचले होते; मागून त्यांची मुलगी नुपूर "बाबा, वी आर लेट!" म्हणत होती. वल्लरीने सगळं सांगितलं: शमाल, चष्मा, नळी, बाटली, मीठ.

"अगं, मीठसुद्धा जुळलं?" सरांच्या आवाजात तिने पूर्वी कधी न ऐकलेला एक मुलगा होता. "एकशे एक्केचाळीस? थिअरीने किती येतं?"

"एकशे चाळीस पूर्णांक सहा."

"सुंदर," ते म्हणाले. "फार सुंदर." पुढचं वाक्य बोलले तेव्हा तो मुलगा गेला होता. "पण हे लिहिलंस तर साठवणीच्या टाकीला परवानगीशिवाय जोडलेलं पाणी, असं होतं. ते खोट्या नोंदीपेक्षा वाईट. तो राहत नाही."

"नाही लिहिलं तर?"

"तर नोंद खोटी. तरीही राहत नाही."

"सर, मूळ गोष्ट तर टँकर कमी पडतो ही आहे. रोज चार हजार लिटर कमी. ही नळी काढली तर सोळाव्या दिवशी पंप हवा ओढेल. तेही लिहिता येईल."

"येईल की. पण कशाच्या जोरावर? त्या वहीच्या. वही खरी धरायची तर नळी सांगावी लागते." त्यांनी सुस्कारा सोडला. "रिपोर्टवर सही तुझी आहे, वल्लरी. तू लिहिशील ते मी बदलणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

ती परत आली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. मच्छिंद्र झाकणापाशी उकिडवा बसला होता. ती त्याच्या समोर काँक्रीटवर बसली आणि कागद दोघांच्या मध्ये ठेवला. चौकोन, तुटक रेघ, दोन बाण. तिसरा बाण तिने वरून, हवेतून, पेन्सिलीने काढला होता, फिकट, पुसता येईल असा. त्याच्याजवळ अजून काही लिहिलेलं नव्हतं.

सरांनी जे सांगितलं ते तिने काही न लपवता सांगितलं. तो बाणाकडे पाहत ऐकत राहिला.

"म्हनजे लिवलं तरी मी," तो म्हणाला, "नई लिवलं तरी मीच."

"हो. पण लिहिलं तर तुम्ही खोटे ठरत नाही. आणि टँकर कमी येतो हे मी आकड्यांत मांडू शकते. मग तुमचं 'तीनदा सांगितलं' हेही त्यात येईल. त्याने तुमची नोकरी वाचेल असं मी म्हणत नाही. कदाचित ई ब्लॉकला पाणी मिळेल." तिचा आवाज तिलाच परका वाटला. शाळेतल्या त्या हौदामागचा माणूस आज समोर बसला होता, आणि त्याला विचारायला तिच्याजवळ एकच प्रश्न उरला होता. "नळी तुमची आहे, भाऊ. तुम्हाला विचारल्याशिवाय मी हा बाण शाईने काढणार नाही. लिहू का?"

वाऱ्याने कागदाचं टोक उचललं. मच्छिंद्रने त्यावर खडूचा तुकडा ठेवला, कागद उडू नये म्हणून, आणि मग काहीतरी आठवून तो पुन्हा उचलला. रस्त्याच्या वळणावर ई ब्लॉकची बस दिसली, आज तासभर लवकर. खिडक्यांतून बाहेर आलेले कोपर, धुळीने एकाच रंगाचे झालेले. त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. सहा वाजले होते; मोजणीची वेळ. "काठी जे दाखोते तेच लिवा, मॅडम," म्हणत तो उठला, गुडघ्यांवरची धूळ झटकली, भिंतीला टेकवलेली पट्टी घेतली, आणि चालता चालता तिच्यावर खालपासून वरपर्यंत खडू घासत, एकदाही मागे न पाहता, टाकीच्या दुसऱ्या झाकणाकडे निघून गेला.